माळरान बघायचं तर नाशिकच्या पूर्वेला वळा

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये मुलीकडे हँबुर्गला गेला होतात, तिथून ल्युनेबुर्गच्या हीथवर, म्हणजे खुरट्या झुडपांच्या मोकळ्या रानात, पायी आणि सायकलने हिंडलात. जांभळ्या फुलांनी झाकलेलं ते उघडं रान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आता नाशिकच्या आसपास असं मोकळं रान कुठे आहे, ते पायी बघावं की सायकलने, कोणत्या महिन्यात, आणि काकूंच्या गुडघ्यांना ते झेपेल का?

रान आहे, आणि भरपूर आहे. फक्त तोंड फिरवावं लागेल. आपण नाशिककर सुट्टी मिळाली की पश्चिमेला पळतो. त्र्यंबक, इगतपुरी, भंडारदरा, सगळं पाण्याचं आणि धुक्याचं. मोकळं रान आहे ते उलट्या दिशेला: सिन्नरच्या पूर्वेला, येवल्याच्या उत्तरेला, चांदवड-मनमाड-नांदगावच्या डोंगरांच्या पायथ्याला. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण 700, आणि पूर्वेकडे जावं तसा तो 500-600 पर्यंत उतरतो. एकाच जिल्ह्यात, शे-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात, इतका फरक. त्यात खाली बेसॉल्टचा कातळ, वर वीतभर मुरमाड माती. अशा जमिनीवर दाट जंगल उभं राहत नाही. गवत राहतं, तरवड राहते, खुरटी बोर, हेकळ, मधूनच एखादा हिवर. हेच आपलं माळरान.

तुम्ही पाहिलेलं हीथ आणि आपलं माळरान यांचं रोप वेगळं, माती वेगळी, हवामान तर पूर्णच वेगळं. तिथे वाळूची आंबट जमीन आणि त्यावर हेदरची, म्हणजे त्या जांभळ्या फुलांची, झुडपं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, आणि फिरताना ती डोक्यात ठेवली तर नजर बदलते: ही रानं मेंढरांनी मोकळी ठेवलेली आहेत. ल्युनेबुर्गला तुम्ही काळ्या तोंडाच्या, लांब राखी लोकरीच्या मेंढ्या पाहिल्या असतील. त्या बर्च आणि पाइनची कोवळी रोपं खातात, म्हणून तिथे जंगल माजत नाही आणि हेदर टिकतं. ते रान 1921 पासून संरक्षित आहे, आणि त्या संरक्षणात मेंढपाळाला काढून टाकलेलं नाही, सामावून घेतलेलं आहे. आपल्याकडे हेच काम धनगराची मेंढरं शेकडो वर्षं करत आली. मेंढरं आणि गुरं फार झाली तर रान उघडं बोडकं होतं हे खरं. पण चराई पूर्ण बंद केली तरी गवत जुनं होऊन लोळतं, झुडपं चढतात, आणि उघड्यावर राहणारे पक्षी निघून जातात.

मला मनापासून वाईट वाटतं ते याचं, की सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुतेक वेळा 'पडीक' अशीच होते. मग कोणाला तरी ती हिरवी करायची इच्छा होते. यंत्रांनी चर खणले जातात, खड्डे घेतले जातात, गिरिपुष्पाची नाहीतर सुबाभळीची रोपं लावली जातात, फोटो निघतात. ज्या गवतात काळवीट चरतं आणि खोकड उंदीर मारतं ते गवत त्या खड्ड्यांखाली जातं. वृक्षारोपणाला माझा विरोध नाही. ते गावात करा, रस्त्याच्या कडेला करा, उघड्या पडलेल्या डोंगरउतारावर करा. माळाला झाडांची गरज नाही. तो अपुरा राहिलेला जंगलाचा तुकडा नव्हे.

आता कुठे जायचं ते.

पहिलं नाव ममदापूर. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या शिवारात काळविटांसाठी राखलेलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, 54 चौरस किलोमीटरच्या थोडं वर. नाशिकहून येवला 80-85 किलोमीटर, तिथून पुढे आणखी आत जावं लागतं. हा टप्पा सगळा सायकलने करायचा हट्ट नको. नाशिक रोडहून मनमाडला रेल्वेने सायकल न्या, किंवा गाडीच्या टपावर बांधून येवल्यापर्यंत आणा. विंचूर-लासलगावकडचे रस्ते कांद्याच्या हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअपने भरलेले असतात. ते लोक बाजार गाठायच्या घाईत असतात आणि त्यांच्या मधे सायकल घालण्यात काही मौज नाही. शिवाय निफाडच्या उसाच्या पट्ट्यात अंधारात एकट्याने सायकल चालवू नका. बिबट्या तिथे राहतोच. उजाडल्यावर निघा, दोघंतिघं मिळून निघा. ममदापूरला जायच्या आधी वनखात्याच्या येवल्याच्या कार्यालयात विचारून घ्या. कुठून आत सोडतात, सध्या कोणत्या बाजूला कळप आहे, हे तिथली माणसं सांगतात, आणि स्थानिक वनमजूर बरोबर मिळाला तर त्यासारखी सोय नाही.

दुसरं सिन्नरच्या पूर्वेचं रान. सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पांगरी, वावी या गावांच्या दोन्ही अंगांना, आणि दक्षिणेला नांदूर शिंगोटे, दोडीच्या बाजूला. नाशिकहून सिन्नर 30 किलोमीटर, म्हणजे अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारखं. इथे सलग मोठा माळ नाही. शेत, मग दोन टेकड्यांमधला गवताचा पट्टा, मग पुन्हा शेत, अशी तुकड्यातुकड्यांची रचना आहे. सुरुवात इथूनच करा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण चुकलात तरी गाव हाकेच्या अंतरावर असतं. मोठा शिर्डी रस्ता मात्र लवकर सोडा. बैलगाडीच्या वाटा आणि शिवाररस्ते धरा. सिन्नरला गारगोटीचं खनिज संग्रहालय आहे, तेही याच फेरीत पाहून घ्या. माळावर चालताना कातळात जे पांढरे, काचेसारखे चमकणारे खडे दिसतात त्यांचे मोठे आणि देखणे नमुने तिथे मांडलेले आहेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि आत हे स्फटिक वाढले. हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

तिसरं, मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या पायथ्याचा आणि चांदवडच्या डोंगरांखालचा भाग. किल्ल्यावर सगळे चढतात, पायथ्याच्या गवतात कोणी थांबत नाही. तिथे थांबा.

आणि जांभळा रंगच हवा असेल तर त्यासाठी अंजनेरी. ते माळरान नव्हे, पश्चिमेचं पावसाळी पठार आहे, पण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तिथल्या ओल्या कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर पसरतो, मधे कवल्याची पिवळी फुलं. सीतेची आसवं बोटभर उंचीची असतात आणि त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यांत ती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडतात. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात सापडली, तिला अंजनेरीचंच नाव मिळालेलं आहे. ती अतिशय दुर्मीळ आहे. म्हणून इथे मळलेली वाट सोडून एक पाऊलही टाकू नका. शनिवार-रविवारी गर्दी होते, मधल्या वारी जा. सायकल पायथ्याच्या गावात ठेवायची.

पायी की सायकलने, या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: माळापर्यंत सायकल, माळावर पाय. ल्युनेबुर्गला आखलेल्या सायकलवाटा आहेत, आपल्याकडे नाहीत. गवतातून चाक घातलं की तिथे वाट पडते, आणि पाठोपाठ मोटरसायकली येतात. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. माळावरचे बहुतेक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, कोणालाच झाड लागत नाही. टिटवीची अंडी उघड्यावर खड्यांमधे असतात आणि खड्यांच्याच रंगाची असतात. वाकून बघितलं तरी पटकन दिसत नाहीत, मग सायकलवरून कुठली दिसणार? मार्चपासून पाऊस पडेपर्यंत हा धोका सगळ्यात जास्त. एखादी टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिचा फोटो काढत उभे राहू नका, आल्या वाटेने मागे फिरा. तुम्ही उभे आहात तितका वेळ ती अंडी उन्हात उघडी पडलेली असतात.

सायकलीबद्दल एवढंच सांगतो, बाकी दुकानदार सांगेल. पातळ टायरची रोड सायकल नको. 35-40 मिलिमीटरचा जाड टायर हवा, आणि ट्यूबलेस करून आत सीलंट भरलेलं असेल तर उत्तम, कारण या भागातलं खरं संकट म्हणजे सराटा. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, बारीक पिवळी फुलं, आणि फळाला असे काटे की ते कसंही पडलं तरी एक टोक वर राहतंच. रस्त्याच्या कडेला सायकल टेकवाल तिथेच तो असतो. बाभळीचा काटा त्याच्यापुढे सौम्य म्हणायचा. दोन ट्यूब, पॅच, पंप जवळ हवेच. पावसानंतर काळ्या रानातल्या वाटेला सायकल घालू नका. ती माती चाकाला अशी धरते की ब्रेकमधे थापा बसून चाक फिरायचं थांबतं. मुरमाची वाट मात्र पावसानंतर दुसऱ्याच दिवशी चालवण्यासारखी होते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे पूर्वेहून नाशिकला परतताना तो तोंडावर येणार. दमल्यावर तो वारा अंगावर घेणं जड जातं, म्हणून त्या दिवसांत परतीला रेल्वे किंवा गाडी ठरवून ठेवा.

महिना कोणता? दसरा ते महाशिवरात्र. दसऱ्याच्या सुमाराला गवत कमरेइतकं होतं, तुऱ्यावर येतं, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात कुसळीचा माळ तांबूस दिसतो, पवन्याचा फिका सोनेरी. दिवाळीनंतर गवताची कापणी सुरू होते. थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी गवताच्या टोकांना पंख लागतील इतक्या खालून उडत राहतात, नाकतोडे टिपतात, आणि संध्याकाळी झाडावर न जाता गवतातच एकत्र रात्र काढतात. असा रातथारा सापडला तर लांबून बघा आणि जागेचा बोभाटा करू नका. फेब्रुवारीनंतर गवत वाळून खडखडीत होतं आणि वणव्यांचे दिवस येतात. माळावर काडी ओढायची नाही, चहाची चूलही नाही. एप्रिल-मेमधे पारा 40 च्या वर जातो, सावली कुठेच नाही. तरी नर सरड्यांचा गळ्याचा निळा-नारिंगी पंखा बघायचा असेल तर हेच दिवस. तेव्हा उजाडताच जा आणि नऊच्या आत परत फिरा.

चालताना काय बघायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे. हीथवर गेल्या गेल्या रंग डोळ्यात भरतो. माळ तसं करत नाही. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही आणि माणूस कंटाळतो. म्हणून मी लोकांना आधी खाली बसवतो. बसलात की एक कुसळ घ्या. टोकाला टोचणारं बी, मागे पीळ घातलेला लांब केस. ते तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थोड्याच वेळात पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ आपोआप तळहातावर फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओलं, उन्हाने कोरडं, असं होत होत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं फिरवून घेतं. तुमच्या मोज्यांमधे ते शिरतं तेही याच कारागिरीने. त्यामुळे लोकरीचे मोजे घालू नका, आणि घोट्यावर पट्टी किंवा गेटर बांधा.

मग जमीन वाचायला लागा. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतो. असा ढीग दिसला आणि वरच्या लेंड्या ओल्या असतील तर तो जवळच आहे. मान वर करा आणि लांब बघा. मादी आणि पिल्लं तपकिरी, गवतात मिसळून जातात. काळा-पांढरा नर आधी दिसतो. त्याच्या दिशेने सरळ चालत गेलात तर कळप पळणार. तिरके चाला, दुसरीकडेच निघाल्यासारखे, मधेमधे थांबत. एकाच उंचवट्याला चार-पाच तोंडं असलेलं बीळ दिसलं आणि बाहेर ताजी माती असेल तर ते खोकडाचं. त्याच्या तोंडाशी वाकून बघू नका, पिल्लं आत असली तर आई जागा बदलते. राखाडी, केसांनी भरलेली विष्ठा वाटेच्या मधोमध दिसली तर बहुधा लांडगा. तो आपल्याला दिसेलच असं नाही, तुम्हाला मात्र त्याने पाहिलेलं असतं.

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला एखाद्या तळ्याच्या काठापासून थोडं लांब बसलात तर पखुर्ड्या पाण्यावर येतात. विणीच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी घेऊन दूरवरच्या पिल्लांपर्यंत उडत जातो. पिल्लं त्या पिसांतून चोचीने पाणी ओढतात. माळावरच्या एका लहानशा तळ्याचं मोल यावरून कळतं. म्हणून काठावर डबा खायला बसू नका, पाण्याजवळ गलका करू नका.

सापांबद्दल काळजी असेलच. मुरमाड, दगडी माळावर फुरसं असतं. दिवसा ते दगडाखाली राहतं. दगड उलटू नका, हात न बघता टेकू नका, अंधार पडायच्या आत बाहेर पडा, घोट्यावरचे बूट घाला. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. पाय हलवू न देता 108 ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं.

सापापेक्षा गाठ जास्त वेळा पडते ती धनगराच्या कुत्र्यांशी. वाडा, म्हणजे त्यांचा मेंढरांसह पडलेला तळ, दिसला की सायकलवरून उतरा. सायकल कुत्र्याच्या आणि तुमच्या मधे धरून हळू चाला, पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, आणि लांबूनच मोठ्याने 'रामराम बाबा' म्हणा. बाबांनी कुत्र्याला हाक मारली की विषय संपला. मग थांबा, बोला. कुठल्या बाजूला गवत चांगलं आलंय, लांडगा कुठे फिरतोय, पाणी कुठवर टिकेल, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. कळपाच्या मधून सायकल काढू नका आणि मेंढरांचे जवळून फोटो घ्यायचे तर आधी विचारा. कुणाच्या शेतातून वाट जात असेल तर तिथेही तेच: आधी हाक, मग पाऊल, आणि बांध मोडायचा नाही. माळाचा काही भाग वनखात्याचा, काही गायरान, काही लोकांची खासगी पड. बघून फरक कळत नाही, विचारून कळतो.

पाणी माणशी तीन लिटर घ्या, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. टोपी रुंद काठाची, कपडे मातकट रंगाचे. दुर्बीण एकच असली तरी चालेल, पण असू द्या. या रानात सगळं लांब असतं.

राहिला काकूंच्या गुडघ्यांचा प्रश्न. माळावर चढ फारसा नसतो, पण मुरूम पायाखालून सरकतो आणि गवतात खड्डे दिसत नाहीत. चालण्याची काठी घेऊन सिन्नरकडच्या शिवाररस्त्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर त्या आरामात चालतील. ममदापूरला त्यांना गाडीतच बसू द्या. काळविटं उभ्या गाडीला बुजत नाहीत, गाडीचं दार उघडून माणूस खाली उतरला की पळतात. सकाळी सातला कच्च्या रस्त्याच्या कडेला, वारा कळपाकडून आपल्याकडे येईल अशा अंगाला, इंजिन बंद करून काचा खाली घेऊन बसायचं. तुम्ही सायकलने कडेकडेने लांबचा वळसा घ्या, त्यांच्या बाजूने कळप हुसकेल असा नको. दोन तासांत बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त दिसलेलं असतं.